मेल तिसऱ्या माणसासाठी लिहा

गोव्यात सध्या कुठल्याही संस्थेची बैठक असो, सहकारी गृहनिर्माण सोसायटीची, देवस्थान समितीची, पालक-शिक्षक संघाची किंवा नाट्यमंडळाची, एक वाद हमखास निघतो. पत्रव्यवहार मेलवर ठेवायचा की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर? एक बाजू म्हणते, मेल आता उघडतो कोण, ग्रुपवर टाका, दोन मिनिटांत सगळ्यांना कळेल. दुसरी बाजू म्हणते, आजकालच्या मुलांना पत्र लिहायचे वळणच राहिलेले नाही; 'आदरणीय महोदय' नाही, 'आपला विश्वासू' नाही, थेट 'हाय सर' आणि खाली अंगठा. मग एकमेकांना जुनाट आणि उद्धट ठरवून झाले की चहा येतो आणि विषय तिथेच राहतो. माझे स्पष्ट मत असे की दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत. एकीला वेगाची काळजी आहे, दुसरीला अदबीची. मेल टिकतो, हा त्याचा खरा गुण मात्र दोघींच्याही ध्यानात येत नाही. मेल पाठवणारा एक, घेणारा दुसरा. पण लिहायचा तो तिसऱ्यासाठी: उद्या तुमच्या खुर्चीत बसणाऱ्या सचिवासाठी, हिशेब तपासायला आलेल्या ऑडिटरसाठी, हक्काची तक्रार घेऊन आलेल्या सभासदासाठी. तो त्या बोलण्यात नव्हता, त्याला मागचे-पुढचे काही ठाऊक नाही, आणि तरीही मेल उघडल्यावर त्याला काय ठरले ते कळले पाहिजे. मेलच्या म्हणून ज्या चांगल्या सवयी सांगितल्या जातात, त्यांतल्या कामाच्या सगळ्या या एका जबाबदारीतून निघतात. बाकीच्या सोडून दिल्या तरी बिघडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. जुलैच्या पावसात सत्तरीत रस्त्यावर झाड आडवे झाले, वीज गेली, कुठे फेरीबोट बंद ठेवावी लागली, तर मेल लिहीत बसण्यात काहीच अर्थ नाही. तिथे ग्रुपवरची एक ओळ आणि एक फोटो पुरतो. दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. स्वयंसाहाय्य गटातली एखादी बाई चवथीच्या आधी नेवऱ्यांच्या ऑर्डरी घेते. व्हॉइस मेसेजवर बोलते, फोटो पाठवते, पैसे यूपीआयवर घेते आणि दिलेल्या दिवशी माल पोचवते. तिला 'आधी मेल करायला शिका' असे सांगणे अन्यायाचे आहे, कारण मेल म्हणजे इंग्रजी आणि इंग्रजी म्हणजे धास्ती, हे समीकरण आपल्या कचेऱ्यांनीच घट्ट केले. तिसरे म्हणजे इनबॉक्स खरोखर तुंबलेले आहेत. बँकेच्या जाहिराती, विम्याची स्मरणपत्रे, ज्यांच्याशी आपला काडीचा संबंध नाही अशा चर्चांच्या प्रती. त्या गर्दीत कामाचा मेल हरवतो. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण त्यांतून निष्कर्ष निघतो तो एवढाच की निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावा. निर्णयही तिथेच ठेवावा, असे त्यांतून निघत नाही.

पर्वरीतल्या एका सोसायटीचे प्रकरण मी जवळून पाहिले आहे. गच्ची गळत होती म्हणून वॉटरप्रूफिंगचे काम काढले. कंत्राटदाराने दर कागदावर लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, तोही आडवा. खजिनदारांनी विचारले, 'जीएसटी धरून?' खाली दोन अंगठे आले. ते 'हो' म्हणून की 'प्रश्न बरोबर आहे' म्हणून, हे आजही कोणी सांगू शकत नाही. मग कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी आली, त्यावर श्रद्धांजलीचे मेसेज, आणि त्यांच्या खाली कुठेतरी 'ओके करूया'. काम झाले. तिसऱ्या पावसाळ्यात गच्ची पुन्हा गळू लागली. कंत्राटदार म्हणाला, हमी दोन वर्षांची होती. सभासदांना पाच वर्षे आठवत होती. ग्रुपवर मागे जाऊन जाऊन तो फोटो सापडला, पण बोट लावल्यावर उघडेना; फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागा, एवढेच दिसले. पाठवणारा अर्थातच कंत्राटदार, आणि त्याने मधल्या काळात फोन बदललेला. ग्रुपवरच्या प्रत्येकाने तो कागद कधी ना कधी पाहिला होता. दाखवता एकालाही आला नाही. कोणी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. प्रत्येकाची आठवण प्रामाणिक होती आणि प्रत्येकाची वेगळी होती.

त्या वेळी कंत्राटदाराला आणि समितीला मिळून एकच मेल गेला असता तर? विषयाच्या ओळीत 'गच्ची वॉटरप्रूफिंग : दर मान्य : काम २५ मेपर्यंत पूर्ण करावे'. खाली चार-पाच ओळी: दर किती, जीएसटी धरून की वेगळा, हमी किती वर्षांची आणि कुठल्या तारखेपासून, कुठल्या बैठकीत मंजुरी मिळाली. सोबत दरपत्रकाची पीडीएफ, आणि तिचे नाव 'स्कॅन ००३' नसून कामाचे, कंत्राटदाराचे आणि तारखेचे. लिहायला दहा मिनिटे लागली असती. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याला कुठे ना कुठे 'ईमेल एटिकेट' म्हणून शिकवली जाते: विषयाची ओळ नेमकी ठेवा, एका मेलमध्ये एकच विषय घ्या, निर्णय जोडपत्रात न दडवता मजकुरात लिहा. पण शिकवणारे सांगतात की याने तुमची छाप पडते. छाप पडो न पडो. तिसऱ्या पावसाळ्यात हमी सिद्ध करता येते, हे कारण पुरेसे आहे.

कायद्याच्या नजरेतूनही हे पाहावे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता आहे. २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की मेलवर प्रस्ताव गेला, मेलवरच त्याला विनाअट होकार आला, तर करार पुरा झाला. औपचारिक कागदावर सह्या राहून गेल्या म्हणून तो मोडत नाही. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा तो व्यवहार, आणि दोन कंपन्यांमधल्या मेलच्या मजकुरावर त्याचा निकाल लागला. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेजही पुरावा म्हणून देता येतात, हे कोणी सांगेल आणि ते खरे आहे. पण पुरावा देण्याआधी तो हाती असावा लागतो, आणि हाती असला तरी त्यातून अर्थ निघावा लागतो. अंगठ्याच्या चिन्हातून हमीची वर्षे मोजता येत नाहीत.

ज्यांना हे सगळे नव्या जमान्याचे खूळ वाटते, त्यांनी पणजीच्या पुराभिलेखागाराकडे पाहावे. १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कौतो यांच्याकडे सोपवलेले हे दप्तर. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार तिथे 'मान्सूनचे ग्रंथ' या नावाने बांधून ठेवलेला आहे, कारण पत्रे वाऱ्याच्या ऋतूवर येत-जात. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेले जहाज सप्टेंबरच्या सुमारास इथे पोचायचे. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत सुटायची. म्हणजे इथून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती यायला दीड वर्षाहून अधिक काळ. जहाज बुडण्याची धास्ती कायम, म्हणून तेच पत्र दोन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांवरून जायचे आणि प्रत कितवी ते तिच्यावर नोंदलेले असायचे. अशा वेळी 'सर, त्या कामाचे काय झाले?' असे लिहून भागले असते का? कुठले काम, आधीचे पत्र कुठले, आता नेमके काय हवे, हे सगळे एकाच पत्रात सांगणे भाग होते. उत्तर दोन मिनिटांत येते म्हणून आज आपण अर्धा प्रश्न लिहितो, समोरचा अर्धे उत्तर देतो आणि उरलेले फोनवर होते. पोर्तुगीज राजवटीने या भूमीवर काय केले हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण त्या सत्तेचा बरा-वाईट हिशेब आज आपण मांडू शकतो, तोही हे कागद स्वतःच्या पायावर उभे असल्यामुळेच.

आता अदबवाल्यांकडे वळतो. त्यांची कळकळ मला समजते. मोठ्यांना 'हाय' म्हणू नये, असे मलाही वाटते. मान राखून लिहिलेल्या दोन शब्दांनी रुक्ष विषयातही समोरच्याचे मन मोकळे होते, हेही खरे. पण मराठी पत्राची परंपरा म्हणजे लांबलचक मायना, अशी जी समजूत करून घेतली जाते ती अपुरी आहे. मराठेशाहीतली पत्रे नीट पाहा. 'विनंती विशेष' म्हटले की मजकूर थेट कामावर येतो. पत्र पोचले की त्यावर पैवस्तीची, म्हणजे पोचल्याची, तारीख पडे. अखेरीस 'लेखनसीमा', मजकूर इथे संपला, यापुढे कोणी शब्द वाढवू नये, याची ती खूण. ही सगळी व्यवस्था कोणासाठी होती? पुढे कधीतरी दप्तर उघडणाऱ्यासाठी. त्या कारकुनांना 'मेल मिळाला, शुक्रवारपर्यंत कळवतो' या एका ओळीचे मोल सांगावे लागले नसते. आज आपण 'आदरणीय महोदय' शिकवतो आणि पोच देणे शिकवत नाही. आठ-आठ दिवस उत्तर न देता शेवटी 'सादर प्रणाम' लिहिणे ही अदब कशी म्हणायची? कळवतो म्हणून कळवणे आणि जमत नसेल तर नकार वेळेत देणे, यात जास्त आदर आहे.

आणि मराठीतून का लिहू नये? कोकणी राजभाषा झाली तेव्हाच, १९८७ च्या राजभाषा कायद्याने, मराठीच्या वापरालाही जागा ठेवली, आणि मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे सरकारी धोरण आहे. तरी पंचायतीला मेल करायचा म्हटला की आपण इंग्रजीचा जुना नमुना शोधत बसतो आणि 'विथ रेफरन्स टू द अबोव्ह सब्जेक्ट' असे लिहून स्वतःलाच न कळणारे पत्र पाठवतो. साध्या मराठीत लिहिलेला मेल, 'आमच्या वाड्यावरचा नळ सोमवारपासून बंद आहे, ग्राहक क्रमांक सोबत दिला आहे, दुरुस्ती कधी होईल ते कळवावे', हा व्यावसायिक मेलच आहे. फक्त एक पथ्य पाळावे लागते. जुन्या संस्थांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे तशीच जोडून पाठवतात. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो, आणि शोध घेतला तर एकही शब्द सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखी दिसणारी अक्षरे वापरून, लिहावे; जुने पत्र असेल तर पीडीएफ करून पाठवावे. नेवऱ्या करणाऱ्या त्या बाईलाही फोनवर बोलून मराठी टाइप करता येते. शाळेला किंवा हॉटेलला मोठी ऑर्डर देताना नग किती, दर काय, पैसे कधी, एवढ्या तीन ओळी तिने मेलवर मागून घेतल्या, तर मेल तिच्या विरुद्ध जात नाही. पैसे थकले की तोच तिच्या बाजूने उभा राहतो.

आता इनबॉक्स तुंबण्याची तक्रार. तिचे मूळ मेलमध्ये नसून आपल्या भित्रेपणात आहे. साहेबांना सीसी, म्हणजे माहितीसाठी प्रत, साहेबांच्या साहेबांना सीसी, उद्या कोणी विचारले तर 'मी कळवले होते' म्हणता यावे एवढ्यासाठी. ज्याने काम करायचे आहे तो 'टू'मध्ये, ज्याला केवळ माहीत असायला हवे तो सीसीमध्ये, बाकी कोणी नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मी गर्दी हटेल असे मला वाटते. 'टू'मध्ये पाच जण असतील तर कोणी काय करायचे ते नावानिशी लिहावे. नाहीतर पाचही जण दुसरा करील म्हणून थांबतात. 'रिप्लाय ऑल'चा धोका तर जगाने पाहिला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांवर कर्मचाऱ्यांना गेला, आणि 'मला यादीतून काढा' असे लोक सगळ्यांनाच लिहू लागल्याने यंत्रणा रडतखडत चालू लागली. आपल्याकडे याचे छोटे रूप म्हणजे शाळेने सगळ्या पालकांचे पत्ते सीसीमध्ये टाकून पाठवलेला मेल. एकमेकांना अनोळखी माणसांचे पत्ते असे उघडे पाडू नयेत. बीसीसी, म्हणजे घेणाऱ्यांना एकमेकांचे पत्ते न दाखवणारा रकाना, त्यासाठीच आहे.

मेल म्हणजे ताण, असेही म्हटले जाते. साहेब रात्री अकराला मेल करतात आणि सकाळी उत्तर विचारतात. हा आक्षेप माझ्या दृष्टीने सगळ्यांत गंभीर आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आहे. ज्या पोर्तुगालशी गोव्याचा साडेचारशे वर्षांचा संबंध आला, त्यानेही २०२१ च्या अखेरीस कायदा केला की विश्रांतीच्या वेळेत मालकाने कर्मचाऱ्याशी संपर्क टाळावा, अपवाद फक्त अगदीच आणीबाणीचा. आपले हॉटेल आणि पर्यटनाचे क्षेत्र रात्रंदिवस चालते, तिथे हे जसेच्या तसे लागू होणार नाही, हे मला कळते. पण मग रात्रपाळीत जो आहे त्याला लिहा. जो घरी मुलांना घेऊन जेवायला बसला आहे त्याला का? आणि इथेच मेल व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा दयाळू आहे. व्हॉट्सअ‍ॅप उशाशी वाजतो, निळ्या खुणा दाखवतो, 'वाचलेत आणि उत्तर दिले नाहीत?' असा जाब विचारायला लावतो. मेल सकाळपर्यंत वाट पाहू शकतो. रात्री सुचले तर रात्री लिहावे, पण 'शेड्यूल सेंड' लावून सकाळी नऊला सोडावे; जीमेलमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. रागात लिहिलेल्या मेलचेही तेच. आधी मजकूर लिहावा, जोडपत्र जोडावे, आणि पत्ता अगदी शेवटी भरावा. रिकाम्या पत्त्याचा मेल चुकूनही जात नाही, आणि राग उतरल्यावर त्यातली दोन वाक्ये आपणच काढून टाकतो.

एका गोष्टीकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही आणि तिने नुकसान फार होते. आपल्या बहुतेक लहान संस्थांचा मेल सचिवांच्या खासगी पत्त्यावर चालतो. सचिव बदलले, आजारी पडले, मुलाकडे बेंगळुरूला गेले, की संस्थेचे दप्तरच त्यांच्याबरोबर जाते. नव्या समितीला मागच्या करारांची, देणग्यांच्या पावत्यांची, सरकारी पत्रांची भीक मागत फिरावे लागते. संस्थेचा पत्ता पदाच्या नावाने असावा, माणसाच्या नव्हे. पासवर्ड सोपवताना त्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही बदलावा, नाहीतर ओटीपी जुन्याच माणसाकडे जात राहतो. आणि बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर भरा, असा मेल आला की आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये.

सरकारी कामाला तर हे दुप्पट लागू आहे. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ चा; गोव्याने स्वतःचा कायदा त्याआधी, १९९७ मध्येच केला होता. केंद्राच्या कायद्यात 'माहिती'ची जी व्याख्या आहे तिच्यात मेलचा उल्लेख नावानिशी आहे. नागरिक अर्ज करून तो मागू शकतो. पण पंचायतीच्या बांधकाम परवान्याचा निर्णय कोणाच्या खासगी फोनवरच्या ग्रुपमध्ये झाला असेल, तर अर्ज कोणाकडे करायचा आणि मागायचे काय? डोंगर कापले जातात, शेते बुजवली जातात, आणि 'फाइलवर तसे काही नाही' हे उत्तर ऐकून लोक हात हलवत परत येतात. ज्या राज्याने माहितीच्या हक्काचा कायदा इतक्या लवकर केला, त्या राज्यातले निर्णय नोंदीशिवाय होत राहावेत का? मेलच्या सवयींना मी शिष्टाचारात न मोजता नागरिकाच्या हक्कात मोजतो, तो यामुळे.

तेव्हा मेल की व्हॉट्सअ‍ॅप या वादात वार्षिक सर्वसाधारण सभेचा वेळ घालवण्यापेक्षा एक ठराव मांडावा: ग्रुपवर चर्चा खुशाल व्हावी, पण पैसा, करार, नेमणूक किंवा परवानगी यांबाबत जे ठरेल ते सचिव चोवीस तासांत संस्थेच्या पत्त्यावरून मेलने कळवतील, आणि तसा मेल गेला नसेल तर तो निर्णय झाला असे धरले जाणार नाही. सचिव म्हणतील, एवढे लिहायला वेळ कुठून आणायचा. त्यांना दोन सभासद मदतीला द्यावेत, त्यांतला एक विशी-पंचविशीतला असावा. टायपिंग त्याला येते. काय लिहून ठेवावे लागते ते सचिवांना ठाऊक असते.